पाण्यावर हुकूम चालत नाहीं

काकडीची कोशिंबीर करावयाची असली म्हणजे जाणती गृहिणी तिच्यांत मीठ अगदीं शेवटीं, पानें वाढण्याच्या वेळीं घालते. नवशिकी सून किंवा हौसेनें स्वयंपाकघरांत शिरलेले गृहस्थ चोचवलेल्या काकडीला तास-दीड तास आधींच मीठ लावून ठेवतात, आणि पंगत बसेपर्यंत पातेल्यांत पाण्यावर तरंगणारा चोथा तेवढा शिल्लक राहतो. लोणचें घालतांना मात्र हेंच पाणी हवेंसें असतें. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलें कीं रात्रभरांत त्यांना पाणी सुटतें, फोडी आखडतात, आणि आपल्याच अंगच्या खारांत त्या वर्षभर टिकतात. बेदाण्यांची तऱ्हा याच्या उलट. सुरकुतलेले बेदाणे साध्या पाण्यांत टाकून निजावें, तों सकाळीं ते टरारून फुगलेले दिसतात. या तिन्ही ठिकाणीं पाणी कोणीं पिळून काढलेलें नसतें, कीं कोंबून भरलेलें नसतें. तेथें यंत्र नाहीं, दाब नाहीं, आंच नाहीं. पाणी आपल्या पायांनीं बाहेर येतें आणि आपल्या पायांनीं आंत जातें.

प्राण्यांचीं व वनस्पतींचीं शरीरें ज्या सूक्ष्म पेशींचीं बनलेलीं आहेत, त्यांच्या दारावरहि रात्रंदिवस हाच व्यवहार चालू असतो. प्राणवायु आंत येतो, वापरून झालेला वायु बाहेर जातो, साखर आंत शिरते, पाणी येतें आणि जातें. आणि यांपैकीं पुष्कळशा येण्याजाण्यासाठीं पेशीला पदरची कवडीहि खर्चावी लागत नाहीं. या फुकटच्या व्यवहाराचे नियम कळल्यावर लाखों माणसें मरणाच्या दारांतून परत आलीं. ते कळले नव्हते तोंवर भरल्या घागरीशेजारीं माणसें पाण्यावांचून मेलीं. ही कशी, तें क्रमानेंच पाहिलें पाहिजे.

१७४८ सालीं फ्रान्समध्यें झां-आंत्वान नोले नांवाच्या एका पाद्र्यानें मद्यार्कानें भरलेल्या कुपीच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाची त्वचा घट्ट ताणून बांधली आणि ती कुपी पाण्यांत बुडवून ठेवली. हा गृहस्थ धर्मोपदेशक खरा, परंतु त्याचा जीव रमे तो पदार्थविज्ञानांत. मद्यार्काला बाहेरील हवा लागूं नये एवढ्यासाठींच त्यानें ही तजवीज केली होती. कांहीं तासांनीं पाहतो तों कुपीवरची त्वचा फुग्यासारखी वर आलेली! तिला टांचणी टोंचतांच आंतील द्रव कारंज्यासारखा वर उडाला. मग त्यानें उलटा प्रयोग केला. कुपींत पाणी भरलें आणि ती मद्यार्कांत बुडविली. या खेपेस त्वचा आंत दबली. पाण्याला वाट देणारी आणि मद्यार्काला आडकाठी करणारी ही त्वचा म्हणजे जगांतील पहिला ओळखला गेलेला निवडक पडदा होय. अशा पडद्यांतून पाण्याचें जें जाणें-येणें होतें त्याला मराठींत आतां परासरण म्हणतात. नोलेला हें सर्व दिसलें, परंतु त्याचें कारण सांगण्यास पुढें शंभर-सवाशें वर्षें लागलीं.

कारण समजून घेण्यास मुलांचा एक खेळ उपयोगी पडेल, आणि योगायोगानें त्याचेंहि नांव कोशिंबीरच आहे. शेजारींशेजारीं दोन खोल्या आहेत आणि मधलें दार उघडें आहे, असें धरून चालावें. एका खोलींत चाळीस मुलें आणि दुसरींत दहा, आणि सर्वांचे डोळे बांधलेले. आंधळी कोशिंबीर सुरू झाली. प्रत्येक मूल चांचपडत वाटेल तिकडे जातें. दार कोठें आहे हें कोणालाच ठाऊक नाहीं. तरीहि घटकाभरानें मोजदाद केली तर दोन्ही खोल्यांत जवळजवळ पंचवीस-पंचवीस मुलें सांपडतील. गर्दींतून विरळ जागीं जावें असा बेत एकाहि मुलानें केलेला नाहीं. चाळिसांपैकीं चुकून दाराबाहेर पडणारीं पुष्कळ, दहांपैकीं चुकून पडणारीं थोडीं, इतकाच काय तो हिशेब. पाण्याचे, साखरेचे, मिठाचे सूक्ष्म कण असेच अखंड धडपडत असतात. दाटीकडून विरळीकडे होणाऱ्या त्यांच्या या पांगण्याला विसरण म्हणतात.

मीठ पाण्याला ओढून घेतें, असें घरोघरीं म्हणतात. तो बोलण्याचा सोयीचा प्रकार आहे एवढेंच. पडद्याच्या एका बाजूस निर्भेळ पाणी आणि दुसऱ्या बाजूस मिठाचें पाणी असलें, तर दोन्हीकडून पाण्याचे कण पलीकडे जातच असतात. परंतु मिठाच्या बाजूस पाण्याच्या गर्दींत मिठानें जागा अडविलेली असल्यानें तिकडून येणारे कमी पडतात. म्हणून एकंदर जमाखर्चांत पाणी मिठाकडे सरकतें. मीठ काय किंवा साखर काय, पाण्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखींच. महत्त्व कणांच्या संख्येला आहे, त्यांच्या चवीला नाहीं. लोणच्यांतील मीठ आणि मुरंब्यांतील साखर एकच काम करतात: फळांवर वाढूं पाहणाऱ्या जंतूंच्या अंगांतलें पाणी काढून घेऊन त्यांना कोरडे पाडतात.

ही चाल फुकट असली तरी तिला एक मोठी मर्यादा आहे. १८५५ सालीं झुरिक येथें आडोल्फ फिक या शरीरशास्त्रज्ञानें विसरणाचे नियम गणितांत बसविले. त्यांवरून असें निघतें कीं अंतर दुप्पट केलें तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दसपट केलें तर शंभरपट. साखरेच्या कणाला एका पेशीची रुंदी, म्हणजे मिलिमीटरचा सुमारें शंभरावा भाग, ओलांडण्यास सेकंदाच्या दशांशाहून अधिक काळ लागत नाहीं. तोच कण एक सेंटिमीटर जावयाचा तर जवळजवळ एक दिवस लागेल, आणि एक मीटर जावयाचा तर दोन तपें उलटावीं लागतील! चहांत साखर टाकून चमचा न फिरवतां स्वस्थ बसणाऱ्या माणसाचा चहा निवून जातो, तळाशीं साखर जाड बसते आणि वरचा घोंट अगोड लागतो, तो याच नियमामुळें. पेशी इतक्या लहान कां, आणि हृदयानें जन्मभर रक्त कां ढकलीत राहावें, याचेंहि उत्तर याच गणितांत आहे. हृदय रक्ताला प्रत्येक पेशीच्या उंबरठ्याजवळ आणून सोडतें. उंबरठ्यापुढची केंसाएवढी वाट विसरणावर सोंपविलेली आहे.

आतां हा उंबरठा कशाचा केलेला आहे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अर्नेस्ट ओव्हर्टन यानें, तोहि झुरिकमध्येंच, वनस्पतींच्या व प्राण्यांच्या पेशींवर शेंकडों द्रव्यें घालून पाहिलीं आणि कोणतीं किती लवकर आंत शिरतात याची नोंद केली. त्याला असें आढळलें कीं जीं द्रव्यें तेलांत सहज विरघळतात, तींच पेशींतहि सहज शिरतात. यावरून त्यानें तर्क केला कीं पेशीची वेस तेलकट असली पाहिजे. पुढें १९२५ सालीं हॉलंडमधील लायडन येथें गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं रक्तांतील तांबड्या पेशींचा सारा स्निग्धांश काढून तो पाण्यावर पातळ पसरला आणि त्याचें क्षेत्रफळ मोजलें. तें त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलें. म्हणजे पेशीभोंवतीं स्निग्ध कणांचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असले पाहिजेत! मागाहून असें उघडकीस आलें कीं या दोघांकडून मोजमापांत दोन चुका झाल्या होत्या. स्निग्धांश पुरता निघाला नव्हता आणि पेशींचें क्षेत्रफळहि कमी धरलें गेलें होतें. परंतु दोन्ही चुकांनीं एकमेकींना खाऊन टाकलें आणि उत्तर बरोबर आलें. शास्त्राच्या इतिहासांत असा दैवयोग वारंवार घडत नाहीं, हें शाळकरी मुलांनीं ध्यानांत ठेवलेलें बरें.

ही दुहेरी वेस किती पातळ असावी? एका मिलिमीटरचे दोन लक्ष भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी. प्राणवायु तिच्यांतून सहज पार होतो. मद्यार्कहि पार होतो, आणि म्हणूनच तो प्यालेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोंचण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाहीं. परंतु मिठाचे जे विद्युद्भारित कण असतात, सोडियमचे व क्लोराइडचे, त्यांना ही तेलकट वेस जवळजवळ अभेद्य आहे. साखरेचा कणहि तिच्यांत शिरूं शकत नाहीं. तेलावर पाणी ठरत नाहीं. मग पाण्यांत रमणारीं हीं द्रव्यें तेलांतून कशीं जाणार?

त्यांच्यासाठीं या वेशीला प्रथिनांचे दरवाजे बसविलेले असतात, आणि त्यांच्या तऱ्हा पाहण्यासारख्या आहेत. कांहीं दरवाजे म्हणजे नुसत्या अरुंद नळ्या. पोटॅशियमच्या नळींतून सोडियम जात नाहीं, जरी सोडियमचा कण आकारानें लहान आहे तरी! दुसरे कांहीं दरवाजे देवडीवरच्या फिरत्या झडपेसारखे. साखरेचा कण एका बाजूनें आंत बसतो, झडप कलते, आणि कण दुसऱ्या बाजूस मोकळा होतो. येथेंहि पेशीचा खर्च कांहीं नाहीं. साखर जिकडे दाट असेल तिकडून विरळ बाजूकडे उतरते, झडप केवळ उतार मोकळा करून देते. जेवणानंतर रक्तांत साखर वाढली म्हणजे इन्सुलिन स्नायूंच्या पेशींना इशारा देतें, आणि त्या आपल्या पोटांत राखून ठेवलेल्या अशा झडपा वेशीवर आणून बसवितात. मधुमेहांत इन्सुलिनच अपुरें पडतें किंवा त्याच्या हांकेला ओ मिळत नाहीं. मग पुरेशा झडपा वेशीवर येत नाहींत, आणि दारापर्यंत आलेली साखर रक्तांतच सांचत राहते. मधुमेही माणसाची भूक अनेकदां याच विसंगतींतून उत्पन्न होते. बाहेर सुबत्ता असते आणि आंत उपवास.

पाण्याचा दरवाजा मात्र फार दिवस सांपडला नव्हता. पाणी तेलकट थरांतूनहि थोडेंबहुत झिरपतें, म्हणून वेगळा दरवाजा नसेलच असें पुष्कळांचें मत होतें. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें पीटर ॲग्रे हे रक्तगटाच्या एका प्रथिनाचा शोध घेत असतां त्यांच्या हातीं दुसरेंच एक प्रथिन लागलें. मागितलेलें मिळालें नाहीं आणि न मागितलेलें पुनःपुन्हां पुढें येऊं लागलें. तें कशासाठीं आहे याचा निकाल १९९२ सालीं एका जातीच्या आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांनीं लावला. बेडकाचीं अंडीं गोड्या पाण्यांत सुखानें राहतात, फुगत नाहींत. परंतु या प्रथिनाचा आराखडा ज्या अंड्यांत घातला होता, तीं पाण्यांत टाकतांच कांहीं मिनिटांत फुगून फुटूं लागलीं! पाण्याचा दरवाजा सांपडला. अशा एकेका नळींतून सेकंदास सुमारें तीनशें कोटि जलकण एका ओळीनें जातात, असें पुढें मोजण्यांत आलें. २००३ सालीं ॲग्रे यांना, पोटॅशियमच्या नळीची रचना उलगडणाऱ्या रॉडरिक मॅकिनन यांच्याबरोबर, रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. मानवी मूत्रपिंडें दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यांपैकीं दीड-दोन लिटर सोडून बाकीचें सर्व रक्तांत परत जातें, तें बव्हंशीं अशाच नळ्यांच्या वाटेनें.

तथापि ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं हा दरवाजा पाण्याला ढकलीत नाहीं. शरीरांत सोडियमसाठीं पंप आहे. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आंत घेतो, आणि माणूस स्वस्थ निजला असतांहि त्याच्या शक्तीच्या खर्चाचा पंचमांश किंवा त्याहूनहि अधिक भाग हा पंप खातो. परंतु पाण्यासाठीं असा पंप कोठेंहि नाहीं. शरीराला पाणी हलवावयाचें असेल तर तें एवढेंच करूं शकतें: मीठ किंवा दुसरें एखादें द्रव्य हव्या त्या बाजूस नेऊन ठेवणें, दार उघडणें, आणि वाट पाहणें. पाण्यावर हुकूम चालत नाहीं. त्याला उतार करून द्यावा लागतो.

तो उतार चुकला म्हणजे काय होतें, हें रक्ताच्या एका थेंबांत दिसतें. तांबड्या पेशी शुद्ध उर्ध्वपातित पाण्यांत टाकल्या तर त्या पाणी पीत पीत गोल होतात आणि फुटतात. दाट मिठाच्या पाण्यांत टाकल्या तर सुकलेल्या बोरासारख्या आक्रसतात. लिटरमागें ९ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यांत मात्र त्या होत्या तशा राहतात, म्हणून रोग्याच्या शिरेंत सोडावयाचें सलाईन त्याच प्रमाणाचें असतें. शरीरांतील द्रवांचा परासरणाचा दाब सुमारें साडेसात वातावरणांइतका, म्हणजे पंचाहत्तर मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. एवढा दाब असून पेशी फुटत नाहींत, कारण तो आंतून आणि बाहेरून सारखाच असतो. भाजीवाली मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडून ती ताठ करते, तेव्हां पानांतील पेशीहि अशाच पाणी पितात. परंतु त्यांच्याभोंवतीं बळकट भिंत असल्यामुळें त्या फुटण्याऐवजीं टणक होतात. तांबड्या पेशीला अशी भिंत नाहीं.

आतां या साऱ्या हिशेबाची सर्वांत कठोर परीक्षा जेथें झाली, त्या पटकीच्या रोगाकडे वळलें पाहिजे. या रोगांत माणूस जंतूंच्या जखमांनीं मरत नाहीं. आंतड्याचें अस्तर बहुतेक शाबूत असतें. तो मरतो तो केवळ वाळून. डोळे खोल जातात, हातांची कातडी धोबिणीच्या बोटांसारखी सुरकुतते, नाडी लागेनाशी होते. कित्येक रोग्यांच्या शरीरांतून तासाला लिटरभर पाणी निघून जातें. १८३२ सालीं, स्कॉटलंडमध्यें पटकीची सांथ चालू असतां, डॉक्टर थॉमस लाटा यांनीं मरणोन्मुख अशा एका वृद्धेच्या शिरेंत मिठाचें पाणी सोडलें. म्हातारी शुद्धीवर आली, तिच्या अंगांत ऊब आली. डॉक्टर समाधानानें दुसरीकडे गेले. जुलाब पुन्हां सुरू झाले. कोणीं आणखी पाणी सोडलें नाहीं, आणि कांहीं तासांत ती गेली. पुढच्या रोग्यांपैकीं कांहीं वांचले, तरीहि ही युक्ति मागें पडली. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास लेओनार्ड रॉजर्स यांनीं ती सुधारून रूढ केली आणि मृत्यूचें प्रमाण बरेंच उतरविलें.

परंतु शरीरांतलें पाणी आंतड्यांत येतेंच कां? १९५९ सालीं कलकत्त्याचेच डॉक्टर शंभुनाथ डे यांनीं दाखवून दिलें कीं जंतु गाळून वेगळे केले तरी उरलेल्या द्रवानेंच सशाच्या आंतड्यांत पाणी भरतें. म्हणजे जंतु एक विष सोडतात आणि तेंच हा अनर्थ करतें. त्या विषाची करणी पुढें उलगडली. आंतड्याच्या पेशीला क्लोराइडचा एक दरवाजा असतो. विषाच्या अंमलानें तो उघडा पडतो आणि उघडाच राहतो. क्लोराइड आंतड्यांत सांडतें, सोडियम त्याच्या मागोमाग पेशींच्या फटींतून जातें, आणि जिकडे मीठ तिकडे पाणी. एक अडसर निखळला कीं सारा बांध वाहून जातो. अशा रोग्याला साधें पाणी कितीहि पाजलें तरी तें रक्तांत पोंचणें कठीण, कारण त्याला तिकडे नेणारा उतारच उरलेला नसतो. नुसतें मिठाचें पाणी पाजून पाहिलें, तेंहि शोषलें जाईना. म्हणून तोंडानें पाणी देणें व्यर्थ आहे, अशी डॉक्टरांचीहि समजूत होऊन बसली होती. आणि शिरेंतून देण्याचें सलाईन तर गांवोगांवीं मिळणें अशक्य.

सुटका झाली ती साखरेच्या दारांतून. १९६० सालीं प्राग येथील एका सभेंत रॉबर्ट क्रेन यांनीं आंतड्याच्या पेशीवर एक जोडदरवाजा असल्याचें प्रतिपादन केलें. तो साखरेला एकटीला आंत घेत नाहीं आणि सोडियमलाहि एकट्याला घेत नाहीं. दोघें बरोबर आलीं तरच उघडतो. सोडियम बाहेर दाट आणि पेशींत विरळ असल्यानें तो उताराकडे धांवतो आणि साखरेला बोट धरून चढावर नेतो. हें काटेकोर अर्थानें फुकटचें नव्हे. सोडियमचा उतार राखण्यासाठीं मागल्या दारीं पंप झटत असतोच. परंतु मीठ आणि साखर आंत गेलीं कीं पाणी त्यांच्यामागून आपल्या पायांनीं जातें. आणि सुदैवाची गोष्ट ही कीं पटकीचें विष या जोडदरवाजाला हात लावीत नाहीं! एक दार मोडून पडलें असतां शेजारचें दार चालूच असतें. फक्त तेथें साखर आणि मीठ ठराविक प्रमाणांत एकत्र पोंचविलीं पाहिजेत. १९६८ सालीं ढाक्यास पटकीच्या रोग्यांना असें द्रावण पाजून पाहण्यांत आलें, आणि शिरेंतून द्यावयाच्या सलाईनची गरज पुष्कळच घटली.

त्यानंतर १९७१ साल उजाडलें. पूर्व बंगालमधून लक्षावधि निर्वासित सीमा ओलांडून आले, आणि पावसाळ्यांत छावण्यांतून पटकी उसळली. बनगांव येथील लहानशा रुग्णालयांत डॉक्टर दिलीप महालनवीस पोंचले, तेव्हां रोगी जमिनीवर दाटीवाटीनें पडलेले होते आणि सलाईनचा सांठा संपत आला होता. त्यांनीं लिटरमागें २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असें मिश्रण ठरविलें. कलकत्त्यास त्याच्या पुड्या बांधल्या गेल्या, पिंपांत द्रावण कालविलें गेलें, आणि तें पाजण्याचें काम रोग्यांच्या आयांवर, बहिणींवर, भावांवर सोंपविलें गेलें. वरिष्ठ वैद्यकवर्गांत ज्याला मान्यता नव्हती असा हा उपाय, आणि तो अशिक्षित नातलगांच्या हातीं! परंतु तीन हजारांहून अधिक रोग्यांचा हिशेब लागला तेव्हां, जेथें शेंकडा ३० च्या आसपास माणसें मरत होतीं तेथें हें प्रमाण ३.६ वर आलेलें दिसलें. महालनवीस २०२२ सालीं निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. जिवंतपणीं त्यांचें नांव किती घरांतून ठाऊक होतें, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या द्रावणाची पुढची सुधारणाहि परासरणाच्याच हिशेबानें झाली. पूर्वीच्या जागतिक मिश्रणांत साखर व क्षार यांचें एकंदर प्रमाण रक्तापेक्षां किंचित् अधिक होतें. २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें उतरवून रक्तापेक्षां पातळ केलें. आतां एका लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड दीड ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असें प्रमाण आहे. पातळ द्रावणाकडून रक्ताकडे पाण्याला उतार मिळतो, आणि जुलाबहि कमी होतात. जोडदरवाजाला मीठ व साखर यांची जोडी हवी, पण दोहोंपैकीं कशाचाहि अतिरेक नको. अतिसार झालेल्या मुलाला लाडानें बाटलींतलें गोड पेय किंवा दाट सरबत पाजणाऱ्यांनीं काकडीची कोशिंबीर आठवावी. तेथें मीठ बाहेर होतें म्हणून पाणी काकडींतून बाहेर आलें. येथें साखर आंतड्यांत सांचते म्हणून पाणी रक्तांतून आंतड्यांत येतें, आणि जुलाब वाढतात. पुडीवर एक लिटर लिहिलेलें असतां ती पेलाभर पाण्यांत कालविली तर हाच घात होतो. पुडीचें पाणी जेवढें लिहिलें असेल तेवढेंच घ्यावें. पुडी मिळालीच नाहीं तर उकळून निवविलेल्या एका लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें, आणि तें घोंट-घोंट, पण सारखें देत राहावें. मूल निपचित पडलें, पाणी पोटांत ठरेनासें झालें किंवा लघवी बंद झाली, तर मात्र घरीं न थांबतां दवाखाना गांठावा.

कोंकणांत व इतरत्र आजारी माणसाला मीठ घातलेली भाताची पेज देण्याची जुनी चाल आहे. तिला या हिशेबांत एक विशेष जागा आहे. पिठूळ भातांतील एकेक कण म्हणजे साखरेच्या शेंकडों-हजारों कणांची एक लांब माळ. परासरणाला माळ एकच दिसते, म्हणून पेज दाट असली तरी पाण्याला आंतड्यांत खेंचीत नाहीं. आंतड्याच्या अस्तराशीं ती पोंचली कीं पाचकरसानें एकेक मणी सुटतो, आणि सुटतांच शेजारच्या मिठाच्या कणांबरोबर जोडदरवाजांतून आंत जातो. पाठोपाठ पाणी.